डायपर टेबल कुठल्या दारामागे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थोरली चार महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. बायको कामावर, मी रजेवर, आणि आम्ही दोघं पणजीत एका मोठ्या दुकानात. नको तिथे व्हायचं ते झालं. सिक्युरिटीवाल्याला विचारलं, त्याने लेडीज टॉयलेटकडे बोट दाखवलं आणि माझ्याकडे बघून तोच ओशाळला. "बाब, तुमकां ना" (साहेब, तुम्हाला नाही), म्हणाला. शेवटी पार्किंगच्या उकाड्यात, गाडीच्या डिकीत काम उरकलं. ही हकिगत, आणि 'डायपर बदलायची सोय आईबाप दोघांनाही समान हवी' हे माझं म्हणणं, चारचौघांत सांगायला लागल्यापासून फोंडा, म्हापसा, मडगाव, अगदी बांदा-सावंतवाडीकडूनही लोक विचारत असतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून इथे एकत्र केले. सोपे आधी, अडचणीचे मागे.

१. बेबी चेंजिंग स्टेशन म्हणजे नेमकं काय? आमच्या गावात कोणी पाहिलेलं नाही.

भिंतीला बसवलेली, उघडझाप करता येणारी फळी. बहुधा जाड प्लॅस्टिकची, मधे जरा खोलगट, बाळाच्या कमरेला लावायचा पट्टा असलेली. शेजारी हात धुवायला पाणी, झाकणाचा कचरापेटारा आणि पिशवी अडकवायला एक हूक असला की झालं. मी त्याला डायपर टेबल म्हणतो, लोकांना लगेच कळतं.

२. आमची सगळी पोरं मांडीवर आणि दुपट्यावर वाढली. हे नवीन खूळ कशाला? (हा प्रश्न दर महिन्याला एका तरी आजीकडून येतो.)

घरात मांडी आहेच, आजी. अडतं ते घराबाहेर. तान्ह्या बाळाचं दिवसाला आठ-दहा वेळा बदलावं लागतं, जरा मोठं झालं की पाच-सहा वेळा. म्हणजे बाजारात तीन-चार तास गेले तरी एकदा वेळ येणारच. आणि मांडी घालायला आधी बसायला कोरडी जागा लागते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पावसाळ्यात अशी जागा दाखवा, मी टेबलाचा विषय सोडून देतो.

३. 'समान सोय' म्हणजे जेंट्समध्येही एक टेबल बसवा, एवढंच ना?

तो एक मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे स्वतंत्र दाराची छोटी खोली, जिथे आई, बाप, आजोबा, मामा कोणीही बाळाला घेऊन जाऊ शकेल. तिसरा सगळ्यात स्वस्त आणि तोच कोणाला सुचत नाही: आपल्याकडे कितीतरी हॉटेलांत हात धुवायची बेसिनं बाहेर सामाईक पॅसेजमध्ये असतात आणि आत लेडीज-जेंट्सची दोन दारं. टेबल त्या पॅसेजमध्ये लावलं की एकात काम भागतं. एक आडपडदा लागेल तेवढाच.

म्हणून टेबलं किती आहेत हे मी मोजत नाही, दार कुठलं हे बघतो. बाळ ज्याच्या कडेवर आहे त्याला कोणाची परवानगी न मागता फळीपर्यंत पोचता आलं पाहिजे. आणि हा फक्त बापांच्या सोयीचा प्रश्न नाही. टेबल लेडीजमध्येच असलं की दर वेळी उठावं लागतं ते आईला. बाप निवांत मासे संपवतो, तिचं ताट गार होतं, आणि त्याला सबबही तयार मिळते.

४. स्टँडवर हिरकणी कक्ष असतो की. तो पुरेसा नाही का?

दूध पाजण्यासाठी पुरेसा आहे, डायपरसाठी नाही. सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो इथेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

महाराष्ट्रात एसटीच्या स्टँडवर हे कक्ष आहेत. नाव घेतलं ते बाळासाठी रायगडाचा कडा रात्री उतरून गेलेल्या गवळणीचं. (ही गोष्ट शाळेत ऐकली तेव्हा त्या रात्री तिचा नवरा कुठे होता, हा प्रश्न वर्गात एकालाही पडला नव्हता.) पाजायला आडोसा लागतो, ते काम आईचंच, तिथे पुरुषाला मज्जाव असणं योग्यच आहे. पण मग कोणीतरी विचार करतो की बाळाचं सगळं एका जागी असू दे, आणि टेबलही त्याच खोलीत ठोकतो. झालं! बाळाचं बूड पुसणं हेही आपोआप 'फक्त महिलांसाठी' होऊन बसतं.

दोन्ही सोयी शेजारी-शेजारी असाव्यात, पण एका कडीच्या आत नकोत. जागाच कमी असेल तर आत पाजण्याचा कोपरा पडद्यामागे आणि टेबल दाराच्या बाहेर.

५. आपल्याकडे याचा कायदा आहे का?

पुरुषांच्या टॉयलेटमध्ये डायपर टेबल हवंच, असं सांगणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. जवळ जाणारी गोष्ट आहे ती सर्वोच्च न्यायालयाच्या १९ फेब्रुवारी २०२५ च्या निकालाची. सार्वजनिक ठिकाणी स्तनपान कक्ष आणि बालसंगोपनाच्या खोल्या असाव्यात म्हणून एका संस्थेने याचिका केली होती. केंद्राने २७ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्यांच्या मुख्य सचिवांना या विषयावर पत्र लिहिलं होतं. न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठाने ते पत्र राज्यांनी मनावर घ्यावं असं सांगितलं. उभ्या इमारतींत शक्य तितकी सोय करावी आणि ज्या अजून आराखड्यात किंवा बांधकामात आहेत त्यांत जागा राखून ठेवावी, असा त्याचा रोख आहे.

निकालाचा भर आई आणि तान्ह्या बाळाच्या खासगीपणावर आहे, बापाच्या अडचणीवर नाही. तरी कामाला येतो तो त्यातला 'आराखड्यात जागा राखा' हा भाग. नवीन पंचायत घर किंवा बाजार संकुल होत असेल तर नकाशा कागदावर आहे तोवरच दाराचा प्रश्न विचारायचा.

संविधानाच्या अनुच्छेद १५(३) चा दाखला देऊन "स्त्रियांसाठी खास सोय चालते" असं काही जण सांगतात. चालते, आणि ते चांगलंच आहे. पण ते कलम स्त्रिया आणि मुलं दोघांचं नाव घेतं, आणि मुलासाठीची सोय बापाला वगळूनच करावी असं त्यात कुठे म्हटलेलं नाही.

५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, ती मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने. तो विषय वेगळा, इथे मिसळू नका.

६. परदेशात कसं आहे?

अमेरिकेत ७ ऑक्टोबर २०१६ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामांनी एका कायद्यावर सही केली. त्याच्या लांबलचक नावाची आद्याक्षरं जुळवली की 'बेबीज' असा शब्द होतो. संघीय सरकारच्या ज्या इमारतींत जनतेला प्रवेश आहे तिथल्या पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या, दोन्ही टॉयलेटमध्ये टेबल हवं, असा तो नियम. खासगी हॉटेलं त्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी एकेका राज्याने पुढे वेगळे नियम केले. न्यूयॉर्क राज्यात १ जानेवारी २०१९ पासून नव्या किंवा मोठी डागडुजी केलेल्या इमारतींना ते लागू झाले.

मला त्यातला अपवाद जास्त आवडतो. एखाद्या टॉयलेटमध्ये टेबल नसलं तरी चालतं, पण त्याच मजल्यावर ते कुठे आहे याची ठळक पाटी तिथे लावलेली हवी. पाटीला कितीसा खर्च येतो! आपल्याकडे टेबल असलं तरी पाटी नसते, आणि असली तर तिच्यावर झगा घातलेली बाई बाळाला घेऊन उभी. पाटीवर नुसतं बाळ काढा, पुरे.

७. माझं हॉटेल आहे. आजवर एकाही पुरुषाने टेबल मागितलं नाही. मागणीच नाही तर खर्च कशाला?

मागणी दिसणार कशी? ज्या बापाला ठाऊक आहे की सोय नाही, तो बाळाला घेऊन येत नाही, किंवा आला तर माझ्यासारखा गुपचूप डिकी गाठतो. काउंटरवर येऊन "माझ्या मुलीने शी केली, आता काय करू" असं विचारायला धीर लागतो. तुमच्या हॉटेलात उंच बेबी-चेअर आहे ना? ती किती वेळा लागते ते वेटरला विचारा. तीच तुमची मागणी.

८. माझ्या कॅफेत एकच टॉयलेट आहे, तेही लहान. मी काय करू?

तुमचं काम सगळ्यांत सोपं आहे. एकच दार, ते सगळ्यांचं, म्हणजे समानतेचा प्रश्न आधीच सुटलेला. आत फळी उघडायला जागा नसेल तर बाहेर बेसिनजवळ लावा. तेही जमत नसेल तर पुसता येणारी जाड गादी काउंटरमागे ठेवा आणि मागणाऱ्याला एक रिकामा बाक दाखवा. जेवणाचं टेबल मात्र देऊ नका. बाळाच्या बापालाही ते नको असतं.

९. दिव्यांगांच्या टॉयलेटमध्ये जागा भरपूर असते. टेबल तिथेच लावलं तर?

लावता येतं, पण ती जागा 'भरपूर' वाटते ती रिकामी राहावी म्हणूनच ठेवलेली असते. चाकाची खुर्ची वळायला १५०० मिलिमीटरचं वर्तुळ मोकळं लागतं. उघडी राहिलेली फळी त्या वर्तुळात आली किंवा आधाराच्या दांड्यासमोर आली, की खुर्चीवरचा माणूस आत अडकतो. फळी मिटून भिंतीला सपाट बसणारी हवी, आणि वापरून झाल्यावर मिटवायची, अशी सूचना तिथेच लिहिलेली हवी. रांग लागली तर पहिला मान खुर्चीवरच्या माणसाचा.

उलट बाजूही बघा. चाकाच्या खुर्चीवरून बाळ सांभाळणारे आईबाप असतात. त्यांना फळीचा माथा जमिनीपासून साधारण ७१ ते ८६ सेंटिमीटरच्या दरम्यान आणि खाली गुडघे जातील एवढी पोकळी लागते.

आपल्याकडची अडचण निराळीच. हे टॉयलेट बहुतेक ठिकाणी कुलूपबंद असतं आणि आत झाडू, बादल्या, फिनेलचे कॅन. टेबल तिथे लावणार असाल तर किल्ली कोणाकडे मागायची ते दारावर लिहा.

१०. जुनी चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत आहे. टेबल टिकेल का?

नुसता प्लग ठोकून स्क्रू पिळलात तर टिकणार नाही. चिरा सच्छिद्र आणि ठिसूळ, भोक हळूहळू मोठं होतं, आणि फळीवर भार असतो तो जिवंत बाळाचा. शक्यतो काँक्रीटच्या खांबावर बसवा. ते नसेल तर भिंतीच्या आरपार बोल्ट घालून पलीकडून लोखंडी पट्टी लावा. किनाऱ्याजवळ साधे स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजतात, स्टेनलेसमध्येही ३१६ ग्रेड मागा. प्लायवूडची फळी सुताराकडून स्वस्तात होईल, पण जुलैत फुगेल आणि कडा सुटतील.

उंची ८५ ते ९० सेंटिमीटर बऱ्याच जणांना सोयीची पडते (खुर्चीवरच्यांसाठी प्रश्न ९ पाहा). दार उघडल्यावर फळीला लागणार नाही ना ते बघा. हात सुकवायच्या यंत्राखाली तर मुळीच नको, त्या आवाजाने बाळ दचकतं. बसवल्यावर कंपनीने दिलेल्या मर्यादेएवढा तांदूळ वर ठेवून रात्रभर सोडा. आमच्या मेस्त्रीला हा प्रकार भलताच आवडला.

११. बीचवरच्या शॅकमध्ये कसं करायचं? ती तर पक्की नसतात.

शॅक हंगामापुरती. पावसाआधी सगळं काढायचं असतं, त्यामुळे भिंतीला काही ठोकण्यात अर्थ नाही. मिटता येणारं, चार पायांचं, कठडा असलेलं टेबल आणि वर धुता येणारी गादी. पाय वाळूत रुततात म्हणून खाली फळ्या टाका. गोड्या पाण्याचं एक पिंप शेजारी ठेवा. बाळाच्या जांघेत वाळू आणि खारं पाणी राहिलं की संध्याकाळपर्यंत कातडी लाल होते. शॅकमध्ये लेडीज-जेंट्सची वेगळी खोली बहुधा नसतेच, तेव्हा दाराचा वाद इथे नाही.

१२. देवळात हे विचारायला संकोच वाटतो. सोवळ्या-ओवळ्याचं काय?

गाभाऱ्याजवळ टेबल मागा असं कोणीच म्हणत नाही. आपल्याकडे फोंड्याच्या देवळांतून अग्रशाळा (भाविकांच्या मुक्कामाच्या खोल्या) आहेत, पाय धुवायचे नळ आहेत. जागा तिथलीच. मंगेशीला असो की कवळ्याला, बारसं, उष्टावण, कुळाचार म्हणून तान्ही बाळं देवळात येतच असतात, म्हणजे डायपर आजही तिथे बदलले जातात, फक्त अग्रशाळेच्या पायरीवर आणि अवघडत. जत्रेच्या दिवशी स्वयंसेवकांना एक लाकडी टेबल, एक पडदा आणि एक झाकणाची बादली एवढंच सांगा. 'महिलांसाठी' अशी पाटी लावू नका, 'बाळासाठी' लावा. जुन्या गोव्याच्या ३ डिसेंबरच्या फेस्ताच्या गर्दीलाही हेच लागू.

१३. मी एकटा बाप. टेबल फक्त लेडीजमध्ये आहे. आत जाऊ का?

न विचारता जाऊ नका. आतल्या बायकांचा संकोच खरा असतो, आणि तुमची अडचण खरी असली तरी ती त्यांनी निर्माण केलेली नाही. सफाईवाल्या ताईंना किंवा मॅनेजरला सांगा. बहुतेक वेळा त्या आत कोणी नाही ना बघतात, दाराशी उभ्या राहतात, आणि दोन मिनिटांत काम होतं. मला कोणी नाही म्हटलेलं नाही. एकदा तर दोन आज्यांनी मला बाजूला सारून स्वतःच सगळं केलं. बरं वाटलं, पण मला करता येत नाही हे त्यांनी गृहीतच धरलं होतं!

चार-पाच वर्षांच्या मुलीला घेऊन बापाने कुठे जायचं, हा जोडप्रश्न नेहमी येतो. जेंट्समधल्या बंद दाराच्या टॉयलेटमध्ये न्यायला हरकत नाही, तिच्यासोबत राहा. स्वतंत्र दाराची खोली (प्रश्न ३) हवी ती यासाठीही.

१४. ती फळी स्वच्छ असते का? मला किळस वाटते.

आपली गादी किंवा दुपटं अंथरल्याशिवाय बाळाला ठेवू नका. आधी हाताने दाबून बघा, डुगडुगत असेल तर वापरू नका. लागणारं सगळं काढून हाताशी ठेवा आणि मगच बाळाला आडवं करा, कारण एक हात सतत बाळावर हवा. पट्टा लावला म्हणून वळून पिशवी धुंडाळायची नाही. चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान मुलं पालथी पडायला लागतात, आणि पहिल्यांदा कधी पडणार हे सांगून पडत नाहीत.

मालकांसाठी: फळी आधी साबणाच्या पाण्याने पुसायची, मग जंतुनाशकाने, आणि बाटलीवर लिहिलेला वेळ ते ओलं राहू द्यायचं. नुसतं जंतुनाशक फवारून भागत नाही. जेंट्समधल्या फळीवर हेल्मेट, पिशव्या आणि विझवलेल्या सिगरेटी सापडतात, तेव्हा ती मिटलेली राहील असं बघा.

१५. वापरलेला डायपर कुठे टाकायचा?

टॉयलेटमध्ये कधीच नाही, तिथे तो फुगून पाइप तुंबतो. घट्ट असेल ती शी टॉयलेटमध्ये झटकायची, डायपर गुंडाळून त्याच्याच पट्ट्यांनी बंद करायचा, कागदात बांधून झाकणाच्या डब्यात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी तो गुंडाळून सुक्या, न कुजणाऱ्या कचऱ्यात टाकायला सांगितलं होतं; २०२६ च्या नव्या नियमांनी तो सॅनिटरी कचरा म्हणून वेगळा ठेवायला सांगितलं. ओल्या कचऱ्यात नको. डबा रोज रिकामा करा, आपल्या हवेत दुसऱ्या दिवशी झाकण उघडवत नाही.

१६. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, दिव्यांग आहे, डायपर वापरतो. त्याच्यासाठी काय?

बाळाची फळी त्याला चालणार नाही, वजनाला ती बनलेलीच नाही, कृपया प्रयत्नही करू नका. मोठ्या मुलांसाठी आणि माणसांसाठी लांब, उंची बदलता येणारा बाक लागतो, उचलायला यंत्र लागतं. इंग्लंडमध्ये १ जानेवारी २०२१ पासून काही नव्या मोठ्या सार्वजनिक इमारतींत अशी खोली बंधनकारक झाली. आपल्याकडे तूर्त वापरता येण्याजोगी जागा म्हणजे इस्पितळांतली तपासणीची खाट. आधी फोन करून विचारा. ही मागणी वेगळी लिहून द्या, टेबलाच्या अर्जात घातली तर ती हरवते.

१७. तक्रार किंवा मागणी कुठे करायची?

टॉयलेट कोणाच्या मालकीचं ते आधी शोधा. पणजीत महापालिका, इतर शहरांत नगरपालिकेचे मुख्याधिकारी, गावात पंचायत. कदंब (गोव्याच्या सरकारी बस) स्टँडवर कदंब महामंडळ. रेल्वे स्टेशनवर स्टेशन मास्तर किंवा १३९. पंचायतीचं असेल तर रविवारच्या ग्रामसभेत तोंडी बोलून थांबू नका, ठराव इतिवृत्तात लिहून घ्या.

उत्तर येत नसेल तर माहिती अधिकारात विचारा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्रश्न असा लिहा: "आपल्या अखत्यारीतील किती सार्वजनिक शौचालयांत बाळाचे डायपर बदलण्याची सोय आहे, आणि त्यांपैकी किती ठिकाणी ती पुरुष पालकास वापरता येते?" दुसरा अर्धा भाग विसरू नका.

सगळ्यात चांगली वेळ म्हणजे दुरुस्तीचा अंदाजखर्च तयार होत असताना. टाइल्स एकदा बसल्या की कोणी भोक पाडू देत नाही.

१८. लांबच्या प्रवासात कुठेच टेबल मिळालं नाही तर?

गाडी असेल तर सावलीत लावून मागची सीट. डिकी नको, उन्हात तापते, अनुभवाचे बोल आहेत. कदंब बसमध्ये थांबा येईपर्यंत सीटवर दुपटं अंथरून, खिडकीकडे डोकं. रेल्वेत खालची बर्थ टॉयलेटपेक्षा शंभरपट बरी. शेजाऱ्यांना आधी सांगितलं की ते स्वतःहून सरकतात, बहुतेक एखादी मावशी पंख्याखाली धरायलाही येते.

१९. गोव्यात कुठे कुठे अशी सोय आहे, त्याची यादी द्याल का?

दिली होती, काढून टाकली. एका ठिकाणची फळी तुटली, एका ठिकाणी त्या खोलीत खोकी भरली, आणि मला शिव्या पडल्या. त्यापेक्षा निघण्याआधी फोन करा. पण "डायपर टेबल आहे का?" असं विचारू नका. म्हापशाकडच्या एका हॉटेलाने मला "हो, आहे की, एकदम नवीन" असं सांगितलं. पोचलो तर ते लेडीजमध्ये. आता मी विचारतो, "टेबल कुठल्या दाराच्या आत आहे?" पलीकडचा माणूस क्षणभर थांबतो, मग कोणाला तरी हाक मारून विचारतो, आणि परत फोनवर येतो तेव्हा खरं उत्तर घेऊन येतो.